टाचेच्या मेलॅनोमानंतर दर चार महिन्यांनी जांघेची सोनोग्राफी: जळगावात करावी की मुंबईतच?

बोरीकाठ

राम राम मंडळी. घरात सध्या हा एकच विषय चालू आहे, म्हणून इथे टाकतोय.

आमचे आप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वय ६४, अमळनेर तालुक्यात कोरडवाहू कापूस. उजव्या टाचेवर काळा डाग होता. सगळे त्याला भोवरी समजायचे, आप्पांनी ब्लेडने तासूनही पाहिला. त्यातून पाणी यायला लागलं तेव्हा कुठे कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मेलॅनोमा, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर, निघाला.

ऑपरेशन मुंबईला, परळच्या टाटामध्ये झालं. डाग भोवतालच्या कातडीसकट काढला, मांडीची कातडी टाचेला लावली. त्याच वेळी टाचेजवळ निळं औषध टोचून, टाचेकडचा कॅन्सर जांघेतल्या ज्या लसिकाग्रंथीत आधी पोचतो ती गाठ शोधून काढली, तिला सेंटिनल नोड म्हणतात. (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी झाली तेव्हा काकूंनी वॉर्ड डोक्यावर घेतला होता. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.) त्या गाठीत कॅन्सरचा अगदी बारीक साठा सापडला, एक मिलिमीटरपेक्षाही लहान.

आता मुद्दा असा. डॉक्टर म्हणाले, जांघेतल्या बाकीच्या गाठी काढायच्या नाहीत. दर चार महिन्यांनी जांघेची सोनोग्राफी करायची आणि लक्ष ठेवायचं. आप्पांचे साडू, दोन्ही मेहुणे, सगळे तुटून पडले आहेत, "गाठीत पोचलंय म्हणतात आणि नुसतं बघत बसायचं?" आप्पा काही बोलत नाहीत.

दुसरं असं की दर वेळी मुंबई झेपत नाही. म्हणून गेल्या वेळी इकडेच एका सेंटरला सोनोग्राफी केली. रिपोर्टात लिव्हर, किडनी, प्रोस्टेट सगळं आलं. जांघेबद्दल अवाक्षर नाही. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं असताना!

जाणकारांनी सांगावं.

कापूसकोंड्या

स्पष्ट बोलतो, राग नको. सगळ्या गाठी काढून टाका. वावरात हराळीची एक काडी राहिली तरी पावसाळ्यात शेत भरतं.

पांझरेवरचा

मी धुळ्यात रेडिओलॉजिस्ट आहे, रोज सोनोग्राफी करतो. आप्पांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या उपचाराचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण "नुसतं बघत बसायचं" या वाक्याबद्दल लिहायलाच हवं.

हराळीचं उदाहरण बरीच वर्षं सर्जन लोकांनाही पटत होतं. सेंटिनल गाठीत कॅन्सर दिसला की जांघ किंवा काख पूर्ण साफ करायची, असाच रिवाज होता. मग हे खरंच लागतं का, याची दोन मोठ्या अभ्यासांत तपासणी झाली. जर्मनीतल्या अभ्यासाचे निकाल २०१६ साली आले. दुसरा, एमएसएलटी-२ नावाचा, अनेक देशांतला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९०० च्या वर रुग्ण होते. अर्ध्यांच्या उरलेल्या गाठी लगेच काढल्या, अर्ध्यांना सोनोग्राफीने नजरेखाली ठेवलं. तीन वर्षांनी मेलॅनोमाने न दगावलेल्यांचं प्रमाण दोन्ही बाजूंना ८६ टक्के, म्हणजे बरोबरीचं. हातापायाला सूज राहण्याचं प्रमाण मात्र गाठी काढलेल्यांत २४ टक्के आणि नजरेखाली ठेवलेल्यांत ६ टक्के.

एक गोष्ट लपवत नाही. गाठी काढलेल्यांमध्ये त्याच जागी आजार पुन्हा दिसण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे नजरेखाली ठेवलेल्यांपैकी काहींना पुढे ते ऑपरेशन करावंच लागलं. पण ज्यांना लागलं नाही ते वाचले, आणि ज्यांना लागलं त्यांचं आयुष्य त्यामुळे कमी झालं असं दिसलं नाही. हे सगळं उभं आहे ते एका अटीवर: सोनोग्राफी वेळेवर आणि नीट झाली पाहिजे. त्या अभ्यासात पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी असं वेळापत्रक होतं. आप्पांना दिलेलं वेळापत्रक तिथूनच आलेलं दिसतंय.

आणखी एक. अभ्यासातले बहुतेक रुग्ण अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातले होते आणि टाचेचा मेलॅनोमा तिकडे कमी. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी होतो, पण होतो तेव्हा तळवा, टाच, नखाखाली असा बराच सापडतो. त्यामुळे तारखा चुकवू नका, एवढंच जास्तीचं सांगेन.

चोपड्याची लेक

माझ्या सासऱ्यांच्या जांघेतल्या सगळ्या गाठी काढल्या होत्या, हा नवीन रिवाज यायच्या आधी. आजार गेला, पण पाय गेला तो गेलाच. संध्याकाळपर्यंत पिंढरी अशी फुगते की धोतराखाली लपत नाही. गावात सगळे हत्तीपाय समजायचे आणि लग्नकार्यात वाटेल ते विचारायचे. उन्हाळ्यात ४४-४५ डिग्रीला ते घट्ट मोजे घालून बसणं काय असतं ते आमच्या घराला विचारा. वर्षातून एखादी तरी खेप पाय लाल होऊन थंडीताप येतो, की दवाखान्यात भरती.

तेव्हा तो इलाज बरोबरच होता, डॉक्टरांना दोष नाही. पण ज्यांना त्याशिवाय भागतंय त्यांनी हौसेने कापून घेऊ नये.

कापूसकोंड्या

माघार. आकडे माहीत नव्हते.

रावेरची केळी

आमची केस वेगळी आहे. आईच्या पोटरीवर लहानपणी चुलीने भाजल्याचा व्रण होता. चाळीस-एक वर्षांनी त्यातच जखम झाली, भरेचना. मलम, हळद, ड्रेसिंग, सगळं झालं. शेवटी स्क्वॅमस सेल कॅन्सर निघाला, हाही कातडीचाच, पण वेगळा प्रकार. डॉक्टरांनी "मार्जोलिन अल्सर" असं नाव सांगितलं. ऑपरेशन झालं, सेंटिनल वगैरे काही केलं नव्हतं. तिलाही जांघेची सोनोग्राफी सांगितली आहे. ती कशासाठी? मेलॅनोमाचेच नियम इथे लागतात का?

पांझरेवरचा

@रावेरची केळी, तेच वेळापत्रक जसंच्या तसं लागत नाही. पण कारण तेच. जुन्या भाजल्याच्या व्रणातला स्क्वॅमस कॅन्सर साध्या स्क्वॅमसपेक्षा गाठीत जायला जास्त धजतो. पुन्हा उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, म्हणून त्या काळात जवळजवळच्या तारखा देतात. उलट बेसल सेल नावाचा जो कातडीचा कॅन्सर आहे, तो गाठीत जवळपास जातच नाही. तिथे दर चार महिन्यांनी जांघ-काख तपासत बसायची गरज नसते, व्रण आणि बाकी कातडी डोळ्यांनी पाहिली की सहसा भागतं. म्हणून बायोप्सीचा कागद जवळ ठेवा. "कातडीचा कॅन्सर" एवढ्यावरून मला कळत नाही मी काय शोधायचं ते.

आता बोरीकाठ यांचा मूळ प्रश्न, मुंबई की इकडे.

गाठीची सोनोग्राफी आणि पोटाची सोनोग्राफी यात प्रोबच वेगळा लागतो. पोटाला वाकडा, खोल बघणारा. गाठींना सरळ, जास्त फ्रिक्वेन्सीचा, लिनियर म्हणतात तो. तो इतका खोल बघत नाही, पण कातडीखालचं बारीक दाखवतो. तुमच्या रिपोर्टात लिव्हर-किडनी आली, म्हणजे काउंटरवर कोणीतरी "होल अॅब्डोमेन" टाइप केलं आणि पुढे तसंच गेलं. हे होतं, होऊ नये, पण होतं. पैसे देण्याआधी पावतीवर काय लिहिलंय ते वाचा.

गाठीत आम्ही काय पाहतो? आकार आधी, माप नंतर. चांगली गाठ लांबट-चपटी असते. मधोमध चरबीचा पांढरा पट्टा असतो आणि रक्त त्या मधल्या दारातून आत जाताना डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दिसतं. संशयाची गाठ गोल व्हायला लागते, मधला पट्टा दाबला जातो किंवा दिसेनासा होतो, एका कडेला जाडी येते आणि रक्तप्रवाह मधून न येता कडेकडेने यायला लागतो. कडेचा रक्तप्रवाह पुष्कळदा सर्वात आधी दिसतो.

शेतकऱ्याची जांघ तपासताना एक अडचण हमखास येते. अनवाणी पाय, भेगा, काटे, चिखल्या. पायाला काही झालं की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. त्यामुळे आपल्याकडच्या कुणाच्याही जांघेत दोन-चार मोठ्या गाठी सापडतातच. नुसती लांबी पाहून "वाढलेली गाठ" लिहिलं की घर रडायला लागतं. कॅन्सर न पाहिलेल्या हाताने केलेला रिपोर्ट असा दोन्हीकडून नडतो: नसलेलं दाखवतो, असलेलं सोडतो.

तर माझं मत: ऑपरेशननंतरची पहिली सोनोग्राफी मुंबईतच झालेली बरी. तिथे चिरेखाली पाणी साचलंय की आणखी काही, हे ऑपरेशन केलेल्या लोकांना लवकर कळतं. तोच पाया. त्यानंतरच्या इकडे करा, पण दर वेळी एकाच माणसाकडे, जुने फोटो आणि रिपोर्ट समोर ठेवून. काही संशय आला तर सुई घालून पाणी-पेशी तपासायच्या, तीही सोनोग्राफीत बघत, अंदाजाने नाही.

यावलकर

एवढं सोनोग्राफीचं कशाला? सरळ पेट स्कॅन करा, सगळं अंग एका दमात दिसतं.

पांझरेवरचा

एका दमात दिसतं, बारीक दिसत नाही. काही मिलिमीटरचा साठा पेटमध्ये सहज निसटतो. जांघेपुरतं बोलायचं तर चांगल्या हातातली सोनोग्राफी पेटच्या आधी सांगते. वर किरणोत्सर्ग नाही, खर्चही किती तरी कमी, त्यामुळे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा करता येते. पण फुप्फुस आणि मेंदू सोनोग्राफीला दिसत नाहीत, म्हणून स्टेजप्रमाणे डॉक्टर मधूनमधून सीटी किंवा पेट सांगतील, तेव्हा ते करायचंच. एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

सोनोग्राफीलाही दोन-तीन मिलिमीटरच्या आतला साठा सहसा दिसत नाही. म्हणूनच आप्पांची सेंटिनल गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागली. "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ "आज, दिसेल एवढं काही नाही" इतकाच. पुढची तारीख त्यासाठीच असते.

निसर्गप्रेमी_साक्री

एक वैदू आहेत, झाडपाल्याचा लेप देतात, गाठ विरघळते. कितीतरी जण बरे झालेत. हवा असेल तर पत्ता देतो.

चोपड्याची लेक

पत्ता नको दादा. लेपाने अवधाण जातं, कारण ते तसंही जातं. कॅन्सरची गाठ लेपाखाली वाढत राहते आणि वर कातडी भाजल्यावर सोनोग्राफीवाल्याला धड काही दिसतही नाही. आमच्या शेजारच्या गल्लीत झालंय हे.

मेहरूणचा बगळा

अवांतर: माझ्या काखेच्या सोनोग्राफीला आधार कार्ड मागितलं. मी पुरुष माणूस, भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही". मी म्हटलं, माझं तर करूच नका!

पांझरेवरचा

हाहा. १९९४ चा तो कायदा मशीनला लागतो. मशीन गरोदर बाईच्या पोटावर ठेवा नाहीतर आप्पांच्या टाचेवर, नोंदणी लागतेच. गरोदर बाईचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, तो तुमच्यासाठी नाही. याच कायद्यामुळे मला मशीन पिशवीत घालून गावोगाव फिरता येत नाही. लोक विचारतात, "डॉक्टरसाहेब, शिरपूरला येऊन जा ना." येता येत नाही हो. आपल्या भागात मुलींचा आकडा जसा घसरला होता ते पाहता कायद्याबद्दल तक्रारही करवत नाही.

आबाना नातू

भाऊ, मना बाना पायले बी आशेच व्हयेल व्हतं. आते बरं शे. घाबरानं नही. फक्त तारीख चुकाडू नका, आमी कापूस येचाना दिनमा एक तारीख चुकाडी आनी मंग मुंबईले पयापय व्हयनी.

शहाद्याची नर्स

आबांच्या नातवाला दुजोरा. तारखा चुकतात त्या दोनच वेळी: पेरणी आणि वेचणी. तुमचा पेशंट शेतकरी आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. आठ-पंधरा दिवस अलीकडे-पलीकडे करायचं असेल तर तेच सांगतील.

आणि दोन सोनोग्राफींच्या मधल्या चार महिन्यांत घरच्यांनी हात आखडता घेऊ नये. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर टाचेच्या व्रणापासून सुरुवात करायची. पोटरी, गुडघ्यामागची खोबण, मांडीची आतली बाजू, मग जांघ. बोटांच्या पेरांनी, हळूहळू. कातडीखाली हरभऱ्याएवढं काही लागलं, काळा किंवा निळसर ठिपका दिसला, तर तारखेची वाट पाहायची नाही. हा आजार व्रण ते जांघ या वाटेत मध्येही थांबतो. नुसती जांघ चाचपून सोडून देतात लोक. दुसरा तळपाय आणि नखंही पाहा, पाठही.

काकूंना शिकवा, आप्पा स्वतः करणार नाहीत. पुरुषांचं मला माहीत आहे.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण मध्ये बरंच घडलं.

आकडे घरी वाचून दाखवले. ८६ आणि ८६ ऐकून साडू गप्प झाले. चोपड्याच्या ताईंची पोस्ट वाचल्यावर मात्र आप्पाच बोलले, "मग काढायचं नाही." विषय मिटला.

मग जळगावात दुसरं सेंटर पाहिलं. आधी फोन करून विचारलं: लिनियर प्रोबने जांघेच्या गाठी पाहता का, फोटो छापून देता का, जुन्या रिपोर्टशी ताडून लिहिता का. एका ठिकाणी "या तर खरं, बघू" म्हणाले, तिथे गेलो नाही. दुसरीकडे डॉक्टरबाई स्वतः फोनवर आल्या आणि म्हणाल्या, बायोप्सी, ऑपरेशनचा कागद आणि मुंबईची पहिली सोनोग्राफी घेऊन या.

बाईंनी जांघेला हातच लावला नाही आधी. टाच पाहिली, व्रणाच्या कडेने प्रोब फिरवला, मग पोटरीवरून वर, गुडघ्यामागे थांबल्या, मग जांघ. पाय गुडघ्यात किंचित वाकवून बाहेर टाकायला लावला. मी स्क्रीनकडे बघत होतो. एक गाठ त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली, मापं घेतली, रंगाचं बटण दाबलं, परत मापं. आमच्या पोटात गोळा. मग त्यांनी आप्पांच्या पायाची बोटं फाकवून पाहिली. चिखल्या! बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फुटलेली. आप्पा पाण्याच्या पाळीला रात्री अनवाणी जात होते, कुणाला सांगितलं नव्हतं.

रिपोर्टात त्यांनी लिहिलं की गाठ मुंबईच्या मापापेक्षा थोडी मोठी आहे, पण आकार लांबट, मधला पट्टा शाबूत, रक्तप्रवाह मधूनच. चिखल्यांचा इलाज करा, सहा आठवड्यांनी परत दाखवा, आणि फोटो मुंबईच्या डॉक्टरांना आजच पाठवा. मुंबईहूनही तेच उत्तर आलं, सुई आत्ता नको.

सहा आठवडे घरात कुणी नीट जेवलं नाही. काकूंनी देव पाण्यात ठेवले. परवा परत केली. गाठ उतरली आहे, जवळपास मुंबईच्या मापावर.

पांझरेवरचा

उत्तम. त्या बाईंनी पायाची बोटं पाहिली यात सगळं आलं. त्यांनाच धरून राहा. आणि हा सहा आठवड्यांचा फेरा जास्तीचा होता, चार महिन्यांचं वेळापत्रक मूळ तारखेनेच चालू ठेवा. लोक इथे गडबड करतात, मधली सोनोग्राफी झाली म्हणून पुढची ढकलतात.

रावेरची केळी

योजनेत बसलं का हे? आईचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, सोनोग्राफीचे पैसे मात्र आम्ही खिशातून भरतोय.

शहाद्याची नर्स

योजनेचा भर दाखल करून होणाऱ्या उपचारांवर आहे. बाहेरून केलेली सोनोग्राफी सहसा त्यात धरत नाहीत. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथल्या आरोग्यमित्राला फॉलोअपबद्दल विचारा, काही उपचारांना पुढच्या तपासण्या जोडलेल्या असतात. नाहीतर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे खर्च अगदी कमी. फक्त चिठ्ठीवर डॉक्टरांकडून "दोन्ही जांघांच्या लिम्फ नोडची सोनोग्राफी, डॉपलरसह, व्रण आणि मधल्या वाटेसकट" असं पूर्ण लिहून घ्या. नुसतं "सोनोग्राफी" लिहिलं की पुन्हा लिव्हर-किडनी.

यावलकर

मुंबईला राहायचं काय करता तुम्ही लोक? आमच्या चुलतभावाला पुढच्या महिन्यात जायचंय.

बोरीकाठ

दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाच्या पेशंटांसाठी सोय होते. हॉस्पिटलचं कार्ड आणि पेशंटचं आधार सोबत ठेवा, आणि जागा मिळेल असं धरून जाऊ नका, आधी चौकशी करा. आम्ही रात्रीच्या गाडीने जातो, पहाटे उतरून थेट परळ गाठतो. जुने फोटो पिशवीत वरच ठेवा, तिथे पहिला प्रश्न तोच असतो.

जळगावच्या सेंटरचं नाव धाग्यावर टाकत नाही, ज्यांना हवंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रावेरची केळी

व्यनि केलाय.